गिअरचं ऑइल आणि वॉरंटीचं पुस्तक

नवा ट्रॅक्टर दारात आला की आपण हार घालतो, नारळ फोडतो, गल्लीभर पेढे वाटतो. डीलरने दिलेलं पुस्तक मात्र देव्हाऱ्याच्या फळीवर किंवा कपाटात सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली जाऊन बसतं. त्याची आठवण होते ती गिअर कुरकुरायला लागल्यावर. नोकरीमुळे माझी बरीच वर्षं भाताच्या पट्ट्यात गेली. खत-बियाण्याचा सल्ला विचारायला आलेला माणूस जाता जाता हमखास म्हणतो, "साहेब, गाडी अजून वॉरंटीत आहे. मग गिअरचं ऑइल कंपनीनं फुकट बदलून द्यायला नको का? वेळेआधी बदललं तर पुढं गिअर जाणार नाही, कंपनीचेच पैसे वाचतील की!"

प्रश्न शहाणपणाचा आहे, उत्तर मात्र जरा कडू आहे. वॉरंटी ही कारखान्यातून राहून गेलेल्या दोषाची हमी असते. एखादा दाता कच्चा निघाला, बेअरिंग चुकीचं बसलं, हौसिंगला चीर गेली, तर भाग आणि मजुरी कंपनीची. ऑइल, फिल्टर, पट्टे यांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तू मालकाच्या. फ्री सर्व्हिसच्या कुपनावरसुद्धा बहुधा मजुरीच तेवढी फुकट असते, ऑइल-फिल्टरचे पैसे आपल्यालाच मोजावे लागतात. विक्रीच्या दिवशी ही गोष्ट कुणी ठासून सांगत नाही. आणि याची दुसरी बाजू अशी की, पुस्तकात लिहिलेल्या तासांवर ऑइल बदललं नाही तर त्याच कारणावरून कंपनी उद्या गिअरबॉक्सची मागणी नाकारू शकते. म्हणजे खर्च आपला, आणि त्या खर्चाच्या पावतीवर हमी उभी त्यांची. मला ही विभागणी फारशी न्याय्य वाटत नाही. पण आहे ती अशी आहे.

इंजिनाचं ऑइल लोक वेळेवर बदलतात, कारण ते असतं सहा-आठ लिटर. गिअरबॉक्सचं ऑइल मॉडेलप्रमाणे २०-२५ लिटरपासून ६० लिटरपर्यंत लागतं. एवढा आकडा ऐकला की हात आखडतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत हे एकच ऑइल चार कामं करतं : गिअर आणि डिफरन्शियलला वंगण देतं, लिफ्ट उचलतं, तेलात बुडालेले ब्रेक थंड ठेवतं आणि झिजलेल्या धातूचा चुरा फिल्टरपर्यंत वाहून नेतं. पुस्तकात बदलण्याची मुदत बहुधा १००० तासांच्या आसपास लिहिलेली असते. मात्र ती साधारण कामासाठी. आपल्याकडच्या चिखलणीला साधारण काम म्हणायचं, तर मग जड काम कोणतं?

चिखलात काय होतं ते पाहा. दिवसभर काम करून तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात शिरला की आतली हवा आखडते आणि बाहेरून ओलावा ओढून घेते. चाकाच्या आसाला पेंढा, दोरा गुंडाळला जातो. बारीक रेती ऑइल सीलची कड खाते. मग पाणी हळूहळू आत जातं. ऑइलचा रंग आधी धुरकट होतो, मग दूध घातलेल्या चहासारखा. असं ऑइल दात्यांवर टिकत नाही. बेअरिंगला गंज धरतो, लिफ्ट धक्के देत उचलते.

शंका असेल तर साधी परीक्षा आहे. ऑइलचे दोन-चार थेंब तापलेल्या जुन्या पत्र्यावर टाकावेत आणि हात-तोंड लांब ठेवावं. पाणी असेल तर तडतड आवाज येतो. (भाकरीचा तवा घेऊ नका बरं का, नाहीतर ऑइलच्या आधी घरात तडतड सुरू होईल.)

मावळातल्या एका कुटुंबाची हकीगत सांगतो. २०२२ च्या पाडव्याला त्यांनी बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. दोन वर्षं किंवा २००० तास, जे आधी भरेल ते, अशी वॉरंटी. २०२३ च्या जुलैत, दुसऱ्या चिखलणीला, मीटरवर ६४० तास असताना लिफ्ट अडखळू लागली. पट्टी काढून पाहिली तर ऑइल दुधाळ. रोपं पंचवीस दिवसांची झालेली, पाऊस चांगला, लावणीच्या बाया सांगून ठेवलेल्या. डीलरकडे गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ऑइल वॉरंटीत येत नाही. पुस्तकात १००० तास लिहिलेत, तेव्हा या." त्या घरच्या वहिनी हिशेबाला पक्क्या. त्यांनी विचारलं, "हजार तासांपर्यंत गिअर टिकतील, असं लिहून देता का?" लिहून कोण देणार?

त्यांनी ट्रॅक्टर तिथेच उभा केला. शेजाऱ्याचा पॉवर टिलर भाड्याने घेऊन उरलेली खाचरं केली. पदरचे पैसे गेले, पण ट्रॅक्टर तसाच हाकला नाही, हे फार बरं झालं. मग माझ्याकडे आले. मी त्यांना एवढंच सुचवलं की, 'ऑइल बदलून द्या' असं मागू नका. 'ऑइलमध्ये पाणी कुठून येतं ते शोधून द्या' असं लेखी मागा. पहिली मागणी देखभालीची, दुसरी दोषाची. या दोन मागण्यांत वॉरंटीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

अर्जात मीटरचं वाचन, तारीख, कामाचा प्रकार, आधीच्या सर्व्हिसच्या जॉबकार्डांचे नंबर लिहिले. पोच घेतली. बाटलीत ऑइलचा नमुना भरून त्यावर तारीख टाकून ठेवली. दहा-बारा दिवसांनी कंपनीचा इंजिनिअर आला. आधी तो म्हणाला, पाणी बाहेरून गेलं, यात आमचा काय दोष? उजव्या बाजूचा आस उघडला तेव्हा सीलची कड आत दुमडलेली निघाली, बसवतानाच दुमडली गेलेली. मग बोलणं बदललं. सील, मजुरी आणि गंज धरलेलं एक बेअरिंग कंपनीने दिलं. ऑइल लागलं ४५ लिटर. दोषामुळेच ऑइल नासलं, तर ते कुणाच्या खिशातून, यावर आणखी एक अर्ज झाला. शेवटी निम्मं ऑइल कंपनीने सद्भावना म्हणून दिलं, निम्म्याचे पैसे यांनी भरले. 'सद्भावना' हा शब्द वहिनींना काही आवडला नाही. मलाही नाही.

आता त्या घरात ठरून गेलं आहे. पुस्तकात काहीही असो, लावणी संपली की ऑइल तपासायचं आणि रंग बदललेला दिसला की तासांची वाट न पाहता स्वखर्चाने बदलायचं. पण बदलताना तीन गोष्टी सोडत नाहीत : पुस्तकात दिलेल्याच प्रतीचं ऑइल, पक्कं बिल, आणि मीटरच्या वाचनासह जॉबकार्ड. वॉरंटी चालू असेपर्यंत हे काम डीलरच्याच फिटरकडून करून घेतात. लवकर ऑइल बदललं म्हणून कुणी वॉरंटी नाकारत नाही. कुठलं घातलं, कुणी घातलं, याचा पुरावा नसेल तर मात्र नाकारायला जागा मिळते.

तशी जागा मिळालेलं एक घर त्याच तालुक्यात आहे. त्यांनीही चिखलणीनंतर ऑइल बदललं होतं, हेतू चांगलाच. पण रस्त्यावरच्या मिस्तरीकडून, सुट्ट्या पिंपातलं, बिलाशिवाय. चार महिन्यांनी दुसऱ्या गिअरचे दाते उडाले. कंपनीने ऑइलवर बोट ठेवलं आणि हात वर केले. ऑइल खरोखरच निकृष्ट होतं का, हे आज कुणीच सांगू शकत नाही. ऐन रब्बीत ट्रॅक्टर महिनाभर शेडमध्ये पडला आणि बँकेचा हप्ता काही थांबला नाही. दुरुस्तीसाठी घरातली एक म्हैस विकावी लागली.

हल्ली काही कंपन्या पाच-सहा वर्षांची वॉरंटी सांगतात. आकडा मोठा असला तरी पुढच्या वर्षांत सगळा ट्रॅक्टर येतो की इंजिन आणि गिअरबॉक्सच, रबरी सील धरलेले आहेत की वगळलेले, आणि वॉरंटीच्या कामासाठी गिअरबॉक्स रिकामा केला तर नव्या ऑइलचे पैसे कुणाचे, हे पैसे भरण्याआधी विचारावं. उत्तर कोटेशनवरच लिहून घ्यावं. त्या दिवशी डीलर आपल्याला चहा पाजत असतो; नंतर आपल्याला त्याच्या दारात बसावं लागतं. मोटारीचंही तसंच. शहरातली मुलं हल्ली आपोआप गिअर पडणाऱ्या गाड्या घेतात आणि काही गाड्यांच्या बाबतीत ऑइल 'आयुष्यभर पुरतं' असं ऐकतात. आयुष्य कुणाचं, गाडीचं की वॉरंटीचं, एवढं विचारून घ्यायला सांगा.

दोष स्पष्ट असूनही दाद लागली नाही, तर ग्राहक कायदा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पाच ते दहा लाखांना २०० रुपये. 'ट्रॅक्टर धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नाही' असं कुणी म्हटलं तर बिचकू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ही धंद्यासाठी घेतलेली धरत नाहीत. कायद्यातच तसा खुलासा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ मध्ये हा मुद्दा स्पष्ट केला आहे. मात्र पाच-सहा ट्रॅक्टर घेऊन, ड्रायव्हर ठेवून भाड्याने फिरवणाऱ्याला हा आधार मिळणं कठीण. आधी नुसतं विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

गिअर उडालेल्या त्या घरचे आबा वकिलाकडे जाऊन आले. वकिलांनी पहिल्यांदा ऑइलचं बिल मागितलं. आबा त्या मिस्तरीला शोधत हमरस्त्यावर गेले, तर रस्ता रुंद करताना त्याची टपरी उठली होती आणि तो कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं.