नाकातली कडू चव

माझी आपा बोईसरला राहते. गेली अकरा वर्षं तिला सायनसचा त्रास आहे. डोकं जड, गालांत ठणका, घशात उतरणारा कफ, आणि वास तर जवळजवळ गेलेलाच. बिर्याणी खालून लागली तरी तिला कळत नाही. त्यावर घरात ऐकावं लागतं, "याच हवेत आम्हीही राहतो. आम्हाला कसं नाही होत? तूच नाजूक गं!"

हा प्रश्न अनेक घरांत टोमणा म्हणून विचारला जातो, पण त्याला खरं उत्तर आहे.

1931 साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, "किती कडू!" फॉक्सला मात्र काहीच चव लागली नाही. हा फरक आईवडिलांकडून येतो, हे पुढे सिद्ध झालं. ही चव ओळखणाऱ्या ग्राहीला शास्त्रज्ञ टी-टू-आर-38 म्हणतात. कडू ओळखणारे असे सुमारे 25 प्रकारचे ग्राही आपल्याकडे आहेत. मुळा, कोबी, मोहरी यांतला कडवटपणा ओळखण्यात या ग्राहीचा वाटा असतो. म्हणून एकाच दस्तरखानावर एकाला मुळा नकोसा होतो आणि दुसरा आवडीने खातो.

नवल पुढेच आहे. हाच ग्राही नाकाच्या आणि सायनसच्या आतल्या अस्तरातही असतो. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रॉबर्ट ली, नोम कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्याचं काम दाखवून दिलं. स्युडोमोनाससारखे जंतू एकमेकांना निरोप देण्यासाठी जी रसायनं सोडतात, ती हा ग्राही ओळखतो. लगेच पेशी नायट्रिक ऑक्साइड वायू तयार करतात. त्याने जंतू मरतात आणि पेशींवरचे बारीक केस जोरात हलून कफ बाहेर ढकलतात. म्हणजे अल्लाहने नाकातच एक पहारेकरी बसवला आहे. ज्यांना आईवडील दोघांकडून या ग्राहीचा कमकुवत प्रकार मिळतो, त्यांच्यात हा पहारेकरी सुस्त असतो आणि अशा जंतूंना वाव मिळतो.

अर्थात सगळा दोष या एकाच ग्राहीचा नाही. ॲलर्जी, दमा, नाकातले मस्से, वाकडा पडदा, धूर यांचाही वाटा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूर सर्वांत प्रदूषित ठरलं होतं. हवा सगळ्यांना एकच मिळते, पण प्रत्येकाचं नाक वेगळं असतं. आपाचा हाच ग्राही कमकुवत आहे का, हे तपासलेलं नाही. पण एकाच घरात एकाला त्रास व्हावा आणि दुसऱ्याला होऊ नये, यात नखरा नाही, एवढं नक्की.

हे सांगितल्यावर एका भाभींनी विचारलं, "मग रोज कारलं खायला घालू का?" कारलं खुशाल खा, पण त्याने सायनस बरा होत नाही. नाकातला पहारेकरी पोटातल्या भाजीने जागा होत नाही.

उपाय साधे आहेत. त्रास बारा आठवड्यांहून जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मेडिकलवरून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. वुजू करताना आपण नाकात पाणी घेतोच, पण डॉक्टरांनी मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं असेल तर ते वेगळं. त्यासाठी पाणी उकळून थंड केलेलंच घ्या, थेट नळाचं नको. डोळ्याभोवती सूज, धूसर दिसणं, तेज ताप किंवा असह्य डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि घरातल्या आजारी बाईला "नाजूक" म्हणण्याआधी तिला एकदा डॉक्टरकडे घेऊन जा. अकरा वर्षं थांबू नका.