मधले दिवस

जानेवारी लागला की रत्नागिरीत दोन चौकशा रस्तोरस्ती ऐकू येतात. थंडी धरली का, आणि यंदा राजवाड्यावर गायला कोण येतंय. हापूसला मोहोर फुटायला कोरडी थंडी हवी; आभाळ भरून आलं की तुडतुड्याच्या भीतीने बागायतदाराची झोप उडते. भात झोडून कणगीत गेलेलं असतं, दिवाळी मागे पडलेली असते, शिमग्याच्या ढोलांना अजून हात लागलेला नसतो आणि आंब्याच्या पेट्यांची घाई लांब असते. त्या मोकळ्या काळात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव येतो. थिबा राजवाड्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली, ओळीने तीन रात्री. कोकणच्या वर्षात निवांत बसून ऐकावं असे दिवस थोडे, आणि त्यातले हे सर्वांत चांगले.

बाहेरगावचा रसिक तीन रात्री गाणं ऐकतो आणि चौथ्या दिवशी गाडी पकडतो. त्याचं ऐकणं उणं असतं असं नाही. पण गावातल्या माणसाला एक गोष्ट अधिक मिळते, ती म्हणजे या रात्रींच्या मधले दिवस. रात्री ऐकलेला राग सकाळी पाणी भरताना, दुकान उघडताना, एसटीची वाट बघताना त्याच्याबरोबर असतो. वर्षानुवर्षं या आवारात बसून मला एवढं उमगलं आहे की गाणं रात्री कानावर पडतं आणि दुसऱ्या दिवशी आपलं होतं.

ज्या वास्तूपुढे हे घडतं तिची कहाणी वेगळी सांगायला हवी. जांभ्याच्या लाल चिऱ्यांचा, उतरत्या छपरांचा हा तीन मजली राजवाडा ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी ब्रिटिशांनी बांधला. 1885च्या नोव्हेंबरात त्याची राजधानी मंडाले पडली. थिबा राजा आणि राणी सुपयालत यांना आधी मद्रासला नेलं आणि 1886मध्ये रत्नागिरीला आणलं. राजा इथे तीस वर्षं राहिला, पण या राजवाड्यात राहायला आला तो 1910मध्ये. जेमतेम सहा वर्षांनी, 1916च्या डिसेंबरात, तो इथेच वारला. त्याची समाधी शहरातच आहे. राणी 1919मध्ये मायदेशी परतली; थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि तिची लेक मराठी बोलत याच गावात म्हातारी झाली. राजाला हा समुद्र परका राहिला असेल. त्याच्या नातीला तो घरचा झाला.

या राजाच्या कितीतरी आधी, 1858मध्ये, याच ब्रिटिश सत्तेने दिल्लीच्या बहादूरशाह जफरला रंगूनला धाडलं होतं. तो 1862मध्ये तिथेच गेला. त्याच्या दरबारात तानरस खाँसारखे गवई होते. दरबार मोडले तसे गवई पांगले आणि आश्रय शोधत गावोगाव फिरले. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँ कोल्हापुरात आले. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले. रत्नागिरीहून आंबा घाट चढून गेलं की ही दोन्ही गावं लागतात. सावंतवाडीच्या मुलखातले रामकृष्णबुवा वझे गाण्याच्या ध्यासाने ग्वाल्हेरपर्यंत गेले आणि विद्या घेऊन परतले. राजांच्या दालनांतून बाहेर पडलेलं गाणं असं घाटावरून आणि समुद्राकाठाने आपल्यापर्यंत पोचलं. राजवाड्याच्या भिंतीकडे तोंड करून मी ख्याल ऐकतो तेव्हा ही सगळी पायपीट मला आठवते. ज्यांच्या दरबारांत हे गाणं वाढलं ते राजे गेले. गाणं आता आमचं, तिकीट काढून किंवा पुढच्या बैठकीवर दाटीवाटीने बसून ऐकणाऱ्यांचं आहे, आणि ते टिकवायची जबाबदारीही आमचीच.

पहिल्या रात्री गाव जागेवर बसायला वेळ घेतं. ओळखीचे चेहरे भेटतात, शाली-कानटोप्या निघतात, मुंबईहून मुद्दाम आलेली लेक आईशेजारी जागा धरते. मंचावर वाद्यं लावली जात असतात. खाडीकडून दमट वारा येतो आणि वादकांची कसोटी लागते. गारव्याने तार आखडते आणि चढते; दमट हवेने तबल्याची पुडी सैल होते आणि उतरते. म्हणजे सतार वर चाललेली आणि तबला खाली, आणि दोघांना एका षड्जावर आणायचं. तंबोऱ्याच्या जवारीतला दोरा बोटाने केसभर सरकतो, हातोडी गठ्ठ्यांवर पडते, कान जवळ जातो. पहिल्या वर्षी मला हा खोळंबा वाटला होता. आता मी त्यासाठी लवकर जातो. त्या मंचावरचे तंबोरे बहुधा मिरजेचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांचे. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या हापूसला 2018मध्ये. मातीचा आणि हाताचा गुण दोन्हींत आहे, म्हणून दोन्ही नावं एका दमात घ्यायला मला आवडतं.

तरीही पहिल्या रात्री कान पुरता उघडत नाही. दिवसाची धावपळ अजून अंगात असते. आलाप सुरू झाला की मन मागे कुठेतरी ऐकलेल्या ध्वनिमुद्रणाशी तुलना करू लागतं. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालतं. तेवढा धीर अंगात आलेला नसतो, म्हणून सम येण्याआधीच मान हलते. गाणारा उत्तम गातो, आपण थोडे कमी पडतो. रात्री घरी जाताना रस्त्याच्या गारव्यात यमनाचा तीव्र मध्यम सोबत येतो, पण तो अजून गाणाऱ्याचाच असतो.

मग मधला दिवस उजाडतो. मिरकरवाड्याच्या बंदरात लाँची लागलेल्या असतात, कोळणींचे आवाज चढलेले असतात, मारुती मंदिराच्या नाक्यावर रिक्षा उभ्या असतात. सगळं नेहमीसारखं, आणि नेहमीसारखं काहीच नाही. टपरीवर चहा घेताना शेजारचा माणूस सहज विचारतो, “काल होतात ना?” कशाला होतात ते सांगावं लागत नाही. मग दुसऱ्या बंदिशीतल्या एका जागेबद्दल बोलणं निघतं. ती जागा गाऊन दाखवायला गळा नसतो, म्हणून तो हवेत हात फिरवून दाखवतो आणि मला ती बरोबर दिसते. बँकेत शिक्का मारणारा, औषधाच्या दुकानात पुडी बांधणारा, शाळेत हजेरी घेणारी बाई, हे सगळे काल एकाच समेवर आले होते. आज ते आपापल्या कामाला आहेत, पण त्यांच्यात एक गुपित असल्यासारखं हसू फिरत असतं.

गाण्याच्या शिकवणीला जाणाऱ्या एका मुलीला मी अशाच एका दुपारी पेटीवर बसलेली पाहिली. रात्री गायिकेने गंधारावरून षड्जावर येताना घेतलेली मींड तिला वाजवायची होती. पट्ट्या दाबून ती थकली. एक पट्टी सोडून दुसरीवर जावंच लागतं, मधली वाट पेटीत नाही. शेवटी तिने पेटी मिटली आणि तोंडाने सूर ओढून पाहिला. आला नाही, पुन्हा ओढला. रात्री ऐकताना तिला ती मींड सुंदर वाटली होती. दुपारी तिला ती अवघड आहे हे कळलं, आणि संध्याकाळी ती पुन्हा आवारात आली तेव्हा तिचं ऐकणं बदललेलं होतं. एका रात्रीच्या मैफलीने तिला हे मिळालं नसतं. मधे दुपार हवी होती, आणि दुपारनंतर पुन्हा एक रात्र हवी होती.

दुसऱ्या रात्रीचं आवार वेगळं असतं. आलाप चालू असताना खोकलासुद्धा दबतो. आवर्तन लांबलं तरी कोणी चुळबुळत नाही. आणि सम येते तेव्हा पुढच्या गादीपासून मागच्या खुर्चीपर्यंत शेकडो माना एका क्षणी हलतात. रत्नागिरीचा माणूस स्तुतीला हात आखडता घेतो असा बोलबाला पु. ल. देशपांड्यांच्या अंतू बर्व्यापासून महाराष्ट्रभर झाला आहे. पुलंना या गावची माणसं ठाऊक होती. 1946मध्ये सुनीताबाईंशी त्यांचं लग्न इथेच लागलं. पण दुसऱ्या रात्री या आवारात बसून पाहावं. इथली दाद उशिरा येते, कारण आधी ऐकून घ्यायचं असतं. आणि एकदा आली की ती नेमक्या जागी पडते. गवई मान वळवून त्या बाजूला बघतो.

हे ऐकणं नवं नाही. कोकणातल्या गावांना अनेक दिवसांच्या गाण्याची सवय फार जुनी आहे. देवळातला सप्ताह आठवावा. अखंड नामस्मरण, वाडीवाडीच्या पाळ्या, रात्री-अपरात्री चालणारी भजनं. पहाऱ्याचा माणूस वीणा खाली ठेवत नाही, दुसऱ्याच्या हातात देतो. आपली पाळी झाली की माणूस घरी जातो, गुरांना वैरण घालतो, चार घास खातो, आणि देवळातला टाळ दूरवरून ऐकत राहतो. आपण नसतानाही गाणं चालू आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि त्या भरवशावर तो पुन्हा परततो. महोत्सवाच्या मधल्या दिवसांत मला तीच ओळखीची भावना येते. राग वेगळे, ताल वेगळे, पण येणं-जाणं आणि पुन्हा येणं तेच. जाखडीचे सवाल-जवाब रात्रभर ऐकणारे, गणपतीत घरोघर आरत्या-भजनं म्हणणारे लोक हे. लांब बसणं त्यांच्या रक्तात आहे.

नाट्यपदांचा लोभही इथला तसाच जुना. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी लिहिलेलं ‘संन्यस्त खड्ग’ 1931मध्ये दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलं, आणि त्याच्या चाली वझेबुवांच्या. आजही शहराच्या नाट्यगृहाला सावरकरांचं नाव आहे आणि संगीत नाटकाला इथे प्रेक्षक आहे. म्हणून ख्याल संपला की मागून एखाद्या आजोबांचा आवाज येतो, नाट्यपद व्हावं! त्या फर्माइशीत हक्क असतो. कलावंताने ती पुरवली की तीन पिढ्या एकदम सावरून बसतात.

एक खंत मात्र मनापासून वाटते. पूर्वीच्या मैफली पहाटेपर्यंत चालायच्या. पुण्याचा 1953मध्ये सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सवही रात्र जागवायचा. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद होतात. वर्षातल्या मोजक्या दिवसांना मध्यरात्रीपर्यंत मुभा असते. नियम योग्य आहे. आजारी माणसाची, लहान मुलाची झोप गाण्याहून मोठी. पण त्यामुळे पूरिया, यमन, बिहाग, बागेश्री वाट्याला येतात आणि उत्तररात्रीचे, पहाटेचे राग दूर राहतात. ललत उघड्या आभाळाखाली, खऱ्या पहाटे, समुद्राच्या वाऱ्यात ऐकायला मिळावा ही माझी इच्छा आहे. एखाद्या वर्षी एक पहाटेची बैठक ध्वनिवर्धकाशिवाय, पन्नास-शंभर माणसांपुरती, त्या राजवाड्याच्या अंगणात व्हावी. दमट हवेशी झगडत लावलेला तंबोरा तिथे साध्या कानांनी ऐकू येईल.

तिसऱ्या रात्री भैरवी होते. ही मुळात सकाळची रागिणी. मैफल मिटताना मात्र ती कुठल्याही प्रहरी गायली जाते. तिच्यानंतर लोक लगेच उठत नाहीत. गटागटाने उभे राहून बोलतात, मोहोराचं, थंडीचं, पुढच्या वर्षी कोणाला बोलवावं याचं. आता मधला दिवस नाही, असं मला आधी वाटायचं. तसं नाही. एका महोत्सवापासून पुढच्या महोत्सवापर्यंतचं सगळं वर्ष हाच एक मोठा मधला दिवस आहे. त्यात खल्वायन या संस्थेच्या मासिक संगीत सभा आहेत, शिकवण्यांमधले पलटे आहेत, देवळातली भजनं आहेत, ती मींड गळ्यात बसवत बसलेली मुलगी आहे. वर्षभर हे चाललं नाही तर जानेवारीत कितीही मोठा गवई आला तरी गाव पहिल्याच रात्री अडकून पडेल.

म्हणून रत्नागिरीकरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नावं बघून एकच रात्र निवडू नका. ज्याचं नाव ऐकलेलं नाही त्याच्यासाठीही या, पोरांना घेऊन या, झोपली तर मांडीवर झोपू द्या. तिन्ही रात्री या. आणि मधल्या दिवसांत कामं सोडू नका; ती करता करताच आदल्या रात्रीचं गाणं आपल्यात मुरतं.