आधी ताटात, मग चेहऱ्यावर

लग्न होऊन उज्जैनला, माधव नगरात आले तोवर टोमॅटोचं रोप मी जवळून पाहिलं नव्हतं. पुण्यात भाजी मंडईतून यायची. इथे सासूबाईंच्या गच्चीवर तेलाचे रिकामे डबे रांगेने मांडलेले, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली. माळव्याची काळी माती नुसती भरली तर पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते, म्हणून त्या तिच्यात वाळू आणि जुनं शेणखत मिसळायच्या. राखीच्या सुमारास बी, दसऱ्याच्या आसपास रोप मोठ्या डब्यात, संक्रांतीला फळं. मला तो म्हातारपणाचा विरंगुळा वाटे, आणि माहेरी फोनवर मी तसं बोललेही आहे.

माझं सगळं लक्ष चेहऱ्याकडे. बाळंतपणानंतर गालांवर वांग आले होते. कुणीतरी सांगितलेली गोरेपणाची एक ट्यूब मी डॉक्टरला न विचारता दुकानातून आणली. चेहरा असा काही उजळला, की मी सासूबाईंनाही ती लावायला सुचवलं. त्या नुसत्या हसल्या. ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं, हे मागाहून कळलं. २०१६ च्या सिंहस्थात, भर उन्हाळ्यात, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना माझा चेहरा लालबुंद झाला, बारीक पुटकुळ्या उठल्या. ट्यूब थांबवली तर आग आणखीच वाढली. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर सरकारने २०१८ साली निर्बंध आणले. माझ्यापुरता तोवर उशीर झाला होता.

त्वचेच्या डॉक्टरांकडे मला सासूबाईच घेऊन गेल्या. रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर कुठेतरी वाचलेला उपाय म्हणून मी टोमॅटोची फोड गालावर चोळायला निघाले, तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. “अगं, कातडी सोलवटलीय तुझी. आंबट लागलं की भडका उडेल. खा तो.”

त्या वर्षी पावसाळा सरताना त्यांनी मला गच्चीवर कामाला लावलं. रोप लावताना खालची पानं खुडून निम्मं खोड मातीत पुरायचं, कारण पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. पाणी आज भरपूर आणि उद्या विसरलं असं केलं, तर फळाचं बूड काळं पडतं. सकाळी फुलं उमलली की आधाराच्या काठीला हलकी टिचकी मारायची. एकदा तिरप्या उन्हात त्या पिवळ्या फुलातून पराग धुळीसारखा उडताना दिसला, आणि मग मी तेवढ्यासाठी वर जाऊ लागले. आरशासमोरचा वेळ तिकडे कधी वळला, माझं मलाच कळलं नाही.

पहिली फळं ताटात आली. टोमॅटोचं सार, वर तुपाची फोडणी. २००१ साली जर्मनीत एक छोटा अभ्यास झाला होता: रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट ऑलिव्ह तेलाबरोबर १० आठवडे खाणाऱ्यांची त्वचा अतिनील किरणांनी सुमारे ४० टक्के कमी लाल झाली. टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावर आणि स्निग्ध पदार्थाबरोबर अंगी जास्त लागतं. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना तुपाशिवाय सार पानचट लागे, इतकंच.

चेहरा निवला, डॉक्टरांनीही हरकत नाही म्हटलं, तेव्हा एक दिवस त्यांनीच वाटी पुढे केली. पिकल्या टोमॅटोचा गर, बेसन, चमचाभर दही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून मला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवलं, मग चेहऱ्यावर दहा मिनिटं. तेलकटपणा उतरला, तजेला वाटला. वांग मात्र गेले नाहीत. ते फिके झाले, तेही डॉक्टरांच्या औषधाने आणि छत्रीने. टोमॅटोला ते श्रेय मी देत नाही. सासूबाईंनीही कधी दिलं नव्हतं.

त्या गेल्याला आता बराच काळ झाला. रोपं मी लावते, पण त्यांच्या हातची गोडी माझ्या फळांना नाही. एवढ्या प्रकारात त्यांनी माझ्या रूपावरून किंवा अकलेवरून एकदाही बोल लावला नाही. ती फेड माझ्याच्याने झालेली नाही. गल्लीतल्या मुली लेपाचं विचारायला येतात तेव्हा सासूबाईंचंच सांगणं पुढे देते: चेहऱ्याला कसलंही मलम चालू असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, लेप लावायचाच तर कोपरावर लावून एक दिवस वाट पाहा, आणि तोवर टोमॅटो खा.