नवी सून

आमच्या गाडीचं नाव सांगत नाही. २००२ सालची आहे एवढंच सांगते, कारण या साऱ्या प्रकरणात चूक गाडीची नव्हती आणि ती बनवणाऱ्यांची तर मुळीच नव्हती.

गाडी आम्ही हौसेसाठी ठेवलेली नाही. आजीचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी साडेसहाच्या पाळीला. उचगावहून पावणेसहाला निघालं तरच वेळेवर पोहोचता येतं. त्या वेळेला रिक्षा मिळत नाही, आणि डायलिसिस झाल्यावर बसच्या दांडीला लोंबकळण्याइतकं बळ आजीच्या अंगात उरत नाही.

गेल्या पावसाळ्यात पुढच्या काचेचं रबर सुटलं आणि पाणी आत झिरपून गाडीच्या संगणकावर पडलं. आमच्याकडे त्याला नुसतं 'डबा' म्हणतात. डबा उघडला तेव्हा आतली पाटी शेवाळल्यासारखी हिरवी झाली होती. नवा डबा घेणं परवडणारं नव्हतं. मग भंगारातून जुना शोधला, वरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळवला, आणि माझ्या शिष्यवृत्तीतले साडेचार हजार त्यात घातले. आमच्या गाडीच्या किल्लीत चिप नाही, म्हणून डबा बदलला की काम भागतं. पुढच्या काळातल्या गाड्यांना किल्ली आणि डबा यांची रीतसर ओळख करून द्यावी लागते. मिस्त्रींनी दोन कपलर लावले, सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. मी बीएस्सीला पदार्थविज्ञान घेतलं आहे याचा त्या दिवशी घरात फार गौरव झाला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. गौरवाच्या भरात मी बॉनेट उघडून सगळं इंजिन साबणाच्या पाण्यानं घासून धुतलं, झेंडूची माळ घातली, लिंबू ठेवलं. वाचकहो, हे धुणं लक्षात ठेवा. मी मात्र ते दोन महिने विसरले होते.

त्यानंतर गाडी सकाळी कुरकुरायला लागली. सुरू व्हायची, पण रेस सोडली की थरथरायची. कार्तिक सरला, थंडी वाढली, तशी ती चक्क बंद पडू लागली. दहा मिनिटं रेस देऊन गरम केली की मग शहाण्यासारखी चालायची. मिस्त्री म्हणाले, "चार दिवस चालू दे तंगी, नवीन डबा शिकतो की." कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. मराठीत तंगी म्हणजे काय ते सांगायला नको. त्या महिन्यात मी दोन्ही होते.

मिस्त्रींचं म्हणणं खोटं नव्हतं. बॅटरी काढली किंवा डबा बदलला की आयडलिंगसाठी हवा किती सोडायची याची जुनी आठवण पुसली जाते, आणि ती पुन्हा बसायला काही दिवस जातात. पण आमचे चार दिवसांचे चाळीस झाले. मी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, हवेच्या नळ्या चिरल्यात का ते बोटानं चाचपून पाहिलं. शेवटी आयडलिंगचा स्क्रू वाढवला. त्यानं सकाळचं कसंबसं भागलं, पण गरम झाल्यावर गाडी सिग्नलला उभ्या उभ्या किंचाळू लागली.

आणि मग डिसेंबरातला तो मंगळवार आला. हिंडलग्याच्या अलीकडे गतिरोधकापाशी बाबांचा पाय रेसवरून उचलला गेला आणि गाडी मेली. धुकं होतं. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. दुधाच्या टेंपोनं ओढून नेईपर्यंत पाऊण तास गेला. पुढच्या पाळीचा रुग्ण येऊन बसला होता, त्यामुळे आजीचं चार तासांचं डायलिसिस तीनवर आटोपलं. त्या रात्री तिच्या पायांवरची सूज उतरली नाही. बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी जाहीर केलं, "तो भंगारातला डबाच सदोष आहे. दुसरा बघायला हवा."

आजी अंथरुणावरून म्हणाली, "नवी सून घरात आली नि दूध उतू गेलं, तर दोष कुणाचा, सांग बघू? दूध कुणी चुलीवर ठेवलंन ते विचारत नाही कुणी." ती सोळाव्या वर्षी या घरात आली होती. तिला विषय चांगला ठाऊक होता.

दूध चुलीवर कुणी ठेवलं होतं? मी वही घेऊन बसले. डबा बदलला त्या सुमारास आणखी काय काय झालं ते लिहून काढलं, आणि तिसऱ्या ओळीत माझं साबणाचं पाणी आलं.

आता थोडं शास्त्र. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं आतल्या भिंतींना चिकटून राहतं. म्हणून सुरुवातीला ते जास्त द्यावं लागतं. बाबांच्या तरुणपणीच्या पद्मिनीत त्यासाठी चोकचा दट्ट्या ओढत. आता ते काम डबा करतो. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे वजनाचं प्रमाण धुरातला ऑक्सिजन सेन्सर राखतो खरा, पण तो स्वतः ३०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय काम करत नाही. तोवर डब्याची भिस्त मुख्यतः पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरवर. याचा रोध थंडीत वाढतो, उष्णतेत घटतो.

हा सेन्सर मी तपासलाच नव्हता, कारण डॅशबोर्डवरचा काटा बरोबर चालत होता. काट्याचा सेन्सर वेगळा असतो हे मला माहीतच नव्हतं. आमच्या गाडीत दोघे शेजारी शेजारी बसतात. एका तारेचा काट्याचा, दोन तारांचा डब्याचा. पदार्थविज्ञानाचा गौरव इथे संपला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर सरांकडून मागून आणला आणि पहाटे अंगणात बॉनेट उघडलं. बाबा विजेरी धरून उभे. "काय करालीस गं?" एवढंच म्हणाले. हवा १४ अंश होती. सेन्सर मोजला, ३,००० ओहम, अगदी निर्दोष. माझा धीरच सुटला. मग डब्याकडचं टोकही सोडवलं आणि नुसत्या वायरिंगच्या दोन तारा मोजल्या. दोन्ही टोकं मोकळी, म्हणजे मीटरनं काहीच दाखवायला नको होतं. त्यानं १,४०० दाखवले!

कपलरचं रबर चिरलं होतं. आत माझं खंडेनवमीचं पाणी शिरून दोन पिनांमध्ये हिरव्या क्षाराची वाट तयार झाली होती. ३,००० आणि १,४०० समांतर जोडले की साडेनऊशे होतात. म्हणजे १४ अंशांच्या पहाटे डब्याला कळत होतं की पाणी ४५ अंशांच्या आसपास आहे. तो बिचारा त्या हिशेबानं पेट्रोल आणि हवा देत होता. इंजिन तापल्यावर सेन्सरचाच रोध तीनशेच्या घरात येतो. तिथे १,४०० ची ती चोरवाट असून नसल्यासारखी, म्हणून गरम गाडी शहाणी. बारावीला समांतर रोधांची गणितं मी किती सोडवली होती!

नवा कपलर १८० रुपयांना मिळाला. तारा जोडून डाग दिला, वर नळी चढवली. दुसऱ्या पहाटे गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, आधी जरा चढ्या आवाजात, मग हळूहळू खाली येत. मी वाढवलेला स्क्रू उलटा फिरवून जागेवर आणला, अडीच फेरे लागले.

शुक्रवारी आजी वेळेवर पोहोचली. हिंडलग्याच्या गतिरोधकापाशी बाबांचा पाय अजून रेसवरच असतो.