दीड जीबीचा हॉटस्पॉट
आंबिवलीतली माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, पुस्तकातल्या क्यूआर कोडचा व्हिडिओ उघडलाच नाही. दादाने पप्पांचा हॉटस्पॉट घेतला होता." दादा प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळतो. पालकांना वाटतं, खेळण्यानेच डेटा संपतो. पण बहुतेक गेमना तासाला १००-१५० एमबीच्या आसपास पुरतात. डेटा खातात ती अपडेट्स, एकेक कित्येक जीबीचं! त्यांच्या प्लॅनमध्ये रोजचे १.५ जीबी संपले की स्पीड ६४ केबीपीएस. मग दीक्षा ॲपवरचा धडा कसला उघडतोय?

खेळ बंद कर, असं मी म्हटलं नाही. आपोआप होणारं अपडेट बंद ठेव, ते मामाकडच्या वायफायवर करून आण आणि आधी बहिणीचा धडा, एवढंच. तो जरा फुगलाच. मग म्हणाला, "संध्याकाळी लोकलने सगळे घरी आले की टॉवरवर गर्दी होते, पिंग वाढतो. तेव्हा तिलाच घेऊ दे."