जुम्मा बाजारातल्या रेकॉर्डी

शुक्रवारी पहाटे ग्रँट रोडला उतरायचे आणि मौलाना शौकत अली रोडने दो टाकीच्या बाजूला चालत सुटायचे. चोर बाजाराच्या गल्ल्यांत तेव्हा जुम्मा बाजार भरलेला असतो. जुने बूट, पंख्याच्या मोटारी, पितळी नळ, आणि त्यातच ताडपत्रीवर रेकॉर्डींची चळत. दहाला ऑफिसात सही करायची असते, म्हणून मी सहालाच पोचतो.

वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपात घरातला फिएस्टा प्लेअर विकला गेला. पाठोपाठ प्रल्हाद शिंदे यांच्या भीमगीतांची रेकॉर्डही गेली. तीच मी शोधतो. नियम एकच, खिशात २०० रुपये आणि परतीचे तिकीट. बाकीचे पैसे घरी सौभाग्यवतींकडे.

वाचकहो, कव्हराला भुलू नका. रेकॉर्ड उजेडात तिरपी धरा. बारीक रेषा चालतात. नखाला लागणारा ओरखडा मात्र दर फेऱ्याला टक्‌ वाजतो. ७८ ची लाखेची रेकॉर्ड स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते. (एक घालवून शिकलो!)

गेल्या महिन्यात प्रल्हाद शिंदे यांची एक निघाली. "चार सौ," चाचा म्हणाले. मी २०० दाखवले. त्यांनी ती मुकाट्याने चळतीत परत ठेवली. पुढच्या शुक्रवारी ती नव्हती.

वडिलांना सांगितले. ते म्हणाले, "ओरखडा होता का रे तिला? आपलीला होता."

किंमत ऐकून मी नख लावूनच पाहिले नव्हते.