तयार आवाज, आणि तो तयार करणारे

'प्रीसेट' हा शब्द मी पंचाहत्तरीत शिकले. शिकवणारा माझा नातू, मुलीचा मुलगा, यंदा अकरावीत. त्याच्या लॅपटॉपवर डेक्सेड नावाचा सिंथेसायझर आहे. हात लावायला वाद्य असं काही नाही, सगळं पडद्यावर, आणि फुकट! त्यात आवाजांचे तयार संच घालायचे, यादीतून एक निवडायचा आणि वाजवायचं. त्या तयार आवाजाला म्हणायचं प्रीसेट.

परवा स्वारी हिरमुसलेली. मित्राने त्याची चाल ऐकून विचारलं होतं, "आवाज तर सगळे तयारच आहेत, तुझं काय त्यात?" आता, तीस वर्षं मुलांच्या हातातली गाईडं काढून घेणाऱ्या बाईला हा प्रश्न महत्त्वाचाच वाटणार. मी म्हटलं, "आधी त्या डब्यात काय भरलंय ते मला दाखव बरं."

तर मंडळी, डेक्सेड ही यामाहा कंपनीच्या १९८३ सालच्या डीएक्स७ या वाद्याची संगणकातली प्रतिकृती. त्यामागचं तंत्र अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ साली गवसलं. एक स्वर दुसऱ्या स्वराने हळू हलवला तर कंप ऐकू येतो; फार वेगाने हलवला तर कंप नाहीसा होऊन आवाजाचा पोतच बदलतो. डीएक्स७मध्ये असे स्वर काढणारे सहा घटक आणि ते एकमेकांना जोडायच्या ३२ रीती. एका आवाजासाठी दीडशेच्या आसपास आकडे ठरवायचे, तेही दोन ओळींच्या चिमुकल्या पडद्याकडे बघत. पुष्कळ वादक त्या वाटेला गेलेच नाहीत. वाद्याबरोबर आले तेच आवाज त्यांनी वाजवले. त्यातला अकरावा, 'ई पियानो १', १९८०च्या दशकातल्या कितीतरी पाश्चात्त्य गाण्यांत आहे.

मला गंमत वाटली ती पुढेच. हे आवाज ध्वनिमुद्रित केलेले नाहीत. साठवलेली आहे ती फक्त कृती. ३२ आवाजांची अख्खी फाईल ४,१०४ बाइटची, त्यात एका आवाजाच्या वाट्याला १२८. देवनागरीच्या एकेका चिन्हाला संगणकावर सहसा तीन बाइट लागतात. म्हणजे या लेखातलं एखादं मध्यम वाक्यसुद्धा त्या पियानोपेक्षा जास्त जागा खातं!

कृती म्हटल्यावर मला आपली 'रुचिरा' आठवली. 'रुचिरा' उघडून केलेली आमटी कोणाची, कमलाबाई ओगल्यांची की करणारणीची? अर्थात करणारणीची. गाईड उत्तर देतं आणि विचार बंद करतं. कृतीचं तसं नाही. मीठ-गूळ आपल्या हातात राहतो. प्रीसेटमधला प्रत्येक आकडा उघडून बदलता येतो, आणि चाल तर नातवाचीच आहे. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

पण एक गोष्ट मात्र मनाला लागली. 'रुचिरा'च्या मुखपृष्ठावर कमलाबाईंचं नाव असतं. डीएक्स७च्या आवाजात दहा अक्षरांची जागा असते ती आवाजाच्या नावासाठी. करणाऱ्याच्या नावाला जागाच नाही! ते मूळ आवाज घडवण्यात डेव्हिड ब्रिस्टो आणि गॅरी ल्युएनबर्गर या दोघांचा मोठा वाटा होता. जगाने त्यांचं काम ऐकलं, नावं मात्र फार थोड्यांना ठाऊक. तयार वस्तू वापरण्यात मला कमीपणा दिसत नाही. ती आपोआप उगवली असं समजण्यात दिसतो.

नातवाला मी दोन कामं सांगितली. एक, आवाज घेतलास की निदान एक आकडा बदलून ऐक. दुसरं, चालीखाली आवाज कोणी घडवला ते लिही. पहिलं त्याने लगेच केलं. दुसरं जड जातंय, कारण इंटरनेटवरच्या कितीतरी संचांवर कोणाचंच नाव नसतं. तिथे तो आता लिहितो, "कोणी केला ते कळलं नाही." तेवढी ओळ तरी हवीच ना?